तपासणी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकवीस वर्षं
टॉवेल तपासले मी.
खालून ट्यूबलाइट, वर काचेचं टेबल,
त्यावरून सरकणारं कापड.
तेलाचा थेंब, तुटलेला बाणा, सुटलेली गाठ,
बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर.
नवऱ्याच्या मांडीत कापड घालणार म्हणाले
तेव्हा ते मला कुणी तपासायला दिलं नाही.

डॉक्टर हत्तुरे म्हणाले, बिडीनं रक्तवाहिनी बुजलीय,
जांघेपासून गुडघ्यापर्यंत नवी नळी टाकू,
विणलेली असते.
राजेशम मागावरचा जॉबर, लगेच विचारलं,
कशाची विणलेली?
पॉलिएस्टर.
तो हसला.
चाळीस वर्षं कॉटन चालवलं साहेब,
आणि माझ्या अंगात पॉलिएस्टर.

पाय गरम झाला. खरंच झाला.
करंगळीचं काळं जिथल्या तिथं थांबलं.
गड्ड्याच्या जत्रेत तळ्यापर्यंत चालत गेला,
पाळण्यातल्या नातीला खालून हात केला.

मग जांघेतली जखम ओली राहू लागली.
थोडीशीच. पाण्यासारखी.
दिवे लागायच्या वेळी थंडी भरायची,
आम्ही म्हणायचो, हवा बदललीय.
पंधरा दिवस हवेला बोल लावला.

पुन्हा भरती. सलाईन, महागाची इंजेक्शनं.
जंतू धाग्यात घर करतात, डॉक्टर सांगत होते,
औषध रक्तातून फिरतं,
धाग्याच्या पोटात शिरत नाही.
हे मला कळलं.
पावसाळ्यात कांजी लावलेल्या ताण्याला बुरशी धरते,
वरून किती झटका, वास आतून येतो,
शेवटी बीमच उतरवावा लागतो.
बोलून गेले मी हे सगळं.
डॉक्टर जरा वेळ गप्प होते.
उतरवायचाच आहे, म्हणाले. परवा.

परवाच्या आधी पहाट आली, साडेचारची.
चादरीवर डाग. रुपयाएवढा.
शेजारच्या खाटेवरची म्हणाली, औषध सांडलं असेल.
औषधाचा डाग कडेला पिवळा पडतो,
गंजाचा मधे गडद असतो,
तेलाचा पसरतो आणि थांबतो.
हा थांबत नव्हता.
सिस्टर म्हणाली, ड्रेसिंग भिजलं असेल, सकाळी बदलू.
बाई, म्हटलं, हा माल पास होत नाही.
त्यापुढचं मी तेलुगूत ओरडले म्हणे,
मला आठवत नाही.

ती आली, पट्टी उचलली,
आणि रक्त उडालं तेव्हा तिची मूठ जांघेवर होती.
मूठ न काढता ती खाटेबरोबर धावली,
लिफ्ट बंद, रॅम्पवरून खाली.
तिची एक चप्पल रॅम्पवर राहिली.
दुपारपर्यंत ती माझ्या हातात होती.

सही घेतली. नळी काढणार, असं मोठ्यानं सांगितलं.
पाय, असं हळू.

संध्याकाळी स्टीलच्या ट्रेमध्ये ती दिसली,
वीतभर, मळकी, तिला पू लागलेला.
माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढं झाली.
डॉक्टरांनी मनगट धरलं.
मग लांबूनच पाहिली.
खोटं कशाला बोलू, विणकाम चांगलं होतं,
एक धागा सुटलेला नव्हता.
दोष कापडात नव्हता.
कुणात होता, ते ट्रेमध्ये दिसत नव्हतं.

आता घरी आहे. साखर पेठेत, खालच्याच खोलीत.
बिडी एकदाच मागितली.
मी दिली नाही, तर दोन दिवस बोलला नाही.
रात्री अंगावर चादर घालते
तेव्हा डावीकडं फार उरते.
सेकंडची आहे, किलोवर घेतलेली,
मधे एक बाणा तुटलाय.
अंधारात तो बोटानं चाचपत राहतो.
सापडला की म्हणतो, इथं आहे बघ,
आणि झोपतो.